पंचावन्न मिनिटांचा लॅपटॉप

माझ्या साडूला त्याच्या कंपनीनं लॅपटॉप दिला ही बातमी कळली, त्या संध्याकाळी मला जो ताप चढला तो चौथ्या दिवशी उतरला. डॉक्टरांनी मलेरिया सांगितला. बायको कपाळावरची ओली घडी बदलता बदलता म्हणाली, "डासाचं नाव उगं बदनाम करू नका." तिला रोग ठाऊक होता. रोग अंबडला राहत होता आणि तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता.

आता तुम्हीच विचार करा. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झालेली. जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या बोळीत, माझा कॉम्प्युटर क्लास आणि त्यालाच लागून डीटीपीचं काम. लग्नपत्रिका हा माझा हातखंडा. निम्म्या मराठवाड्याची लग्नं माझ्या कीबोर्डवरून लागली असं मी सांगत असे. आणि कुणी शंका घेतली तर उरलेल्या निम्म्यांचे संसार कसे चाललेत ते बघून या, असंही सांगत असे. कॉम्प्युटर म्हटलं की जिल्ह्यात माझं नाव निघायला पाहिजे होतं. आणि लॅपटॉप कुणाला मिळाला? बियाण्यांच्या कंपनीत फिरतीची नोकरी करणाऱ्या, माउस हातात दिला तर वासराचा कान धरल्यासारखा धरणाऱ्या माझ्या साडूला. शेताच्या बांधावर बसून कपाशीच्या प्लॉटचे फॉर्म भरायला म्हणे. बांधावर!

त्या वर्षी अधिक महिना आला. धोंड्याला आम्हा दोघा जावयांना वाटूरला सासरी बोलावणं. आठ वर्षं त्या घरात पहिला पाट माझा, पहिलं ताट माझं, अनारशांच्या वाटीतला सगळ्यात जाळीदार अनारसा माझा. दुपारी जेवणं झाली, बारा वाजता नेहमीप्रमाणे लाइट गेली आणि साडूनं ओसरीवर बसून पिशवीतून ते मशीन काढलं. काळं, बारीक, पाटीएवढं. उघडलं आणि कपाशीच्या बोंडांचे फोटो दाखवायला लागला. एक वाजला, दोन वाजले. बोंडं संपली, तुरीच्या शेंगा सुरू झाल्या. पाच वाजेपर्यंत मशीन चालूच. माझ्या जालन्याच्या दुकानातला कॉम्प्युटर लाइट गेल्यावर बॅकअपवर सात मिनिटं जगायचा, आणि त्यातली चार मिनिटं तो नुसता बोंबलायचा.

सासरे, ज्यांना आम्ही दोघंही मामा म्हणतो, शेजाऱ्यांना बोलावून बोलावून सांगत होते, "धाकलं पाव्हणं पाच घंट्यांपासून चालवून राह्यले. लाइटीची बिलकुल गरज न्हाई." सासूबाईंनी चहा आणला. साडूच्या कपात बोटभर साय. माझ्या कपात नुसता चहा, तोही कोमट. माझ्या वाट्याची साय त्या कपात कधी गेली, याचा तपास मी आजपर्यंत करतो आहे.

दिवाळीच्या आत मी औरंगाबाद गाठलं.

दुकानातला विक्रेता चांगला माणूस होता, हे मी आज कबूल करतो. त्यानं मला पहिल्यांदा साडूसारखाच लॅपटॉप दाखवला. "सर, हा खास लॅपटॉपसाठी बनवलेला प्रोसेसर आहे. वेग बेताचा, पण बॅटरी चार-साडेचार तास जाते."

"किती गिगाहर्ट्झ?"

"एक पॉइंट चार."

साडूचा एक पॉइंट चार होता. हा आकडा मी रोज सकाळी अंघोळीच्या वेळी स्तोत्रासारखा म्हणत होतो. "मला तीनच्या वर पाहिजे."

"तीनचा आहे, सर, पण त्यात टेबलावरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर बसवलेला आहे. तापतो. बॅटरी लवकर उतरते."

"बॅटरी मला खायची आहे का?" मी म्हणालो. मग पडदा निघाला. साडूचा पडदा एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट ठिपक्यांचा. दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर एक होता, एकोणीसशे वीस बाय बाराशेचा. मी मनातल्या मनात गुणाकार केला. साडूच्या जवळजवळ तिप्पट ठिपके. माझ्या छातीतला एक खिळा निघाल्यासारखं झालं.

"अक्षरं फार बारीक दिसतात, सर, त्याच्यावर. आणि बॅटरीवर पण..."

"माझे डोळे चांगले आहेत."

विक्रेत्यानं शेवटचा प्रयत्न केला. "म्हणजे तुम्ही कायम प्लगजवळ बसूनच काम करणार ना?"

"हो तर," मी म्हणालो. ज्या जिल्ह्यात माणसं लाइट आल्याचा दिवस लक्षात ठेवायची, त्या जिल्ह्यातून एसटीनं आलेल्या माणसानं हे उत्तर दिलं. मत्सर माणसाला आंधळं करत नाही. तो शेजारच्याच्या वस्तूवरचे आकडे स्वच्छ दाखवतो आणि बाकीचं सगळं झाकतो.

परत येताना ते धूड मी मांडीवर घेऊन बसलो. लॅपटॉप म्हणजे मांडीवरचा, हे मला माहीत होतं. पण बदनापूर येईपर्यंत मांडी माझी राहिली नव्हती. नुसता चार्जर विटेएवढा होता. घरी लावला तर पंखा असा सुरू झाला की शेजारीण विचारायला आली, घरातच मळणी घातली का. पाच मिनिटांत त्याच्या पाठीवर पापड भाजला असता. बायकोनं खरंच एक ठेवून पाहिला. एका बाजूनं भाजला, असं ती सांगते.

मग मी चार्जर काढला आणि भिंतीवरच्या घड्याळासमोर बसलो. पंचावन्न मिनिटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून पाहिलं. पंचावन्न. एवढा वक्तशीर प्राणी आमच्या खानदानात झाला नाही.

बोळीच्या तोंडाशी एक म्हातारे चाचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत. वीज, तार, पडदा यातलं त्यांना जे कळत होतं ते मी चार पुस्तकं वाचून शिकवत होतो. ते मला मास्टर म्हणायचे. लॅपटॉप हातात घेऊन त्यांनी उलटापालटा केला, कान लावला.

"मास्टर, बैल घ्यायला गेल्ते आन् ट्रॅक्टर घेऊन आले तुम्ही. बैल उभा केला तर उभा ऱ्हातो. ट्रॅक्टर उभा केला तरी फटफट करत डिझेल पितो. तुम्ही यावर एक अक्षर लिवा न्हाई तर हजार, ह्यो तेवढाच पिणार."

"आणि पडदा?"

चाचांनी चहाची गाळणी उचलून दिव्यासमोर धरली. "पलीकडचा दिवा दिसतो का? आता मैद्याची चाळणी धरा. अंधार. तेवढाच उजेड पाहिजे तर मागं दिवा मोठा लावावा लागतो का न्हाई? तुमच्या पडद्याची चाळणी मैद्याची हाय. ठिपके जास्त, जाळी बारीक, म्हणून मागचा दिवा मोठा. आन् एवढे ठिपके रंगवायचे म्हणजे आतल्या चिपला मजुरी जास्त."

"सेटिंगमध्ये ठिपके कमी केले तर?"

"अक्षर मोठं होईल, पर धुरकट. जाळी तीच, दिवा तोच. काय खास बचत न्हाई."

"मग उपाय?"

"उपाय एकच. साडूसंगं बदलून घ्या." माझ्या साडूची माहिती अख्ख्या बोळीला होती. मीच पुरवलेली.

पुढच्या उन्हाळ्यात सगळ्यात धाकट्या मेहुणीचं लग्न ठरलं. मामांचा फोन आला. "पत्रिकेचा मजकूर हितंच बसून जुळवू. दोघंबी जावई या. थोरलं पाव्हणं, मशीन संगं आणा."

हे "हितंच बसून" म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडे लग्नपत्रिका म्हणजे देवाला, सोयऱ्याला आणि भाऊबंदाला एकाच कागदावर खूश करायचं काम. वधू-वराची नावं चार ओळीत आटोपतात. खाली निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, मामा, मावसे, आत्याचे यजमान, जावई, आणि सगळ्यात शेवटी चिल्लीपिल्ली, अशी शंभर-सव्वाशे नावं असतात. कोण वर, कोण खाली, यावर पिढ्या बोलेनाशा होतात. माझ्याच लग्नाच्या पत्रिकेत एका चुलत सासऱ्यांचं नाव त्यांच्या धाकट्या भावाच्या खाली गेलं होतं, तर ते दोन वर्षं या घरचं पाणी प्यायले नव्हते. तेव्हापासून मामांचा दंडक होता: सगळ्यांनी ओसरीवर बसायचं, एकेक नाव मोठ्यानं उच्चारायचं, लिहिलेलं सगळ्यांनी डोळ्यांनी बघायचं आणि मान हलवायची. मान हलली की नाव पक्कं.

आणि त्या सव्वाशे नावांत मला एकाच ओळीची आस होती. जावयांची. त्या ओळीत पहिला मी, दुसरा तो. बाराशे पत्रिका छापून तालुकाभर जाणार होत्या. धोंड्याच्या महिन्यात माझ्या कपातून उडालेली साय मला बाराशे घरांत परत मिळणार होती, आणि तीही माझ्याच मशीनवर, माझ्याच बोटांनी, साडूच्या डोळ्यांदेखत.

रविवारी दुपारची जेवणं झाली. बारापासून लाइट नव्हतीच. मामा, ते रुसलेले चुलत सासरे, आणखी पाच-सहा भाऊबंद घोंगडीवर बसले. बायका दाराच्या चौकटीत. साडू खांबाला टेकून, लहान मुलासारखा उत्सुक चेहरा करून. मी लॅपटॉप उघडला. पंखा गरजला. ओसरीवर दाणे टिपणारी कोंबडी जी पळाली ती म्हणे मंठ्याकडं दिसली. पडद्यावर मी फिरता गणपती ठेवला होता. मागे शहनाई. सगळे "वा वा" म्हणाले. मी साडूकडे पाहिलं. तोही "वा वा" म्हणत होता. तो मनापासून म्हणत होता, हे त्याचं नेहमीचं वाईट होतं.

पहिली दहा नावं झाली. चुलत सासऱ्यांनी दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावला, नाक पडद्याला टेकवलं. "थोरलं पाव्हणं, ह्ये अक्षर हाय का राई सांडली?"

"थांबा, मोठं करतो." मोठं केलं तर पडद्यावर चारच नावं मावली.

"मंग बाकीचे कुठं गेले?"

"वर आहेत, काका."

"दाखवा."

दाखवलं. खाली आलो. दुसऱ्यानं विचारलं, माझं नाव वरच आहे ना अजून? पुन्हा वर. मान हलली. खाली. असा मी गणपती, शहनाई आणि तिप्पट ठिपके घेऊन वरखाली करत होतो आणि कोपऱ्यात बॅटरी कमी असल्याची पाटी येत होती. पहिली आली, मी माशी हाकलावी तशी घालवली. दुसरी आली, तीही घालवली. तिसरी आली तेव्हा साडू म्हणाला, "साडूभाऊ, ते काय तरी म्हणून राह्यलं."

"त्याला सवय आहे," मी म्हणालो.

एक्केचाळिसाव्या नावाला मशीन मेलं. शहनाई घास अडकल्यासारखी थांबली. मजकूर जपून ठेवला होता का? लाइट गेल्यावर जपायचं ते दुकानातल्या मशीनवर. हे तर बॅटरीचं. शेवटच्या क्षणी ते आपलं आपण जपून झोपतं, तीही सोय होती. वेग वाढावा म्हणून ती मी बंद केली होती. एक्केचाळीस माना वाया गेल्या. त्यांतले सातजण समोर बसले होते आणि माझ्याकडे असे बघत होते, की जणू मी त्यांना गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडलं.

चुलत सासऱ्यांनी काठी जवळ ओढली. "म्हणजे आपण गेलो का पुन्हा?"

कुणी काही बोलायच्या आत साडूनं स्वतःची पिशवी उघडली. "माझ्यावर करा की, साडूभाऊ. फुल चार्ज हाय. मला मराठी टाइप येत न्हाई, तुमच्याच हातानं करा."

तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं. टोमणा मारला असता तर मी वाटूर फाट्यापर्यंत चालत, नव्हे नाचत गेलो असतो. पण त्यानं मशीन पुसून, दोन हातांनी, ताट द्यावं तसं माझ्यापुढे ठेवलं.

माझा फॉण्ट पेन ड्राइव्हमध्ये होताच. तो घालत असताना पडद्याच्या कोपऱ्यात मला आकडा दिसला: अजून तीन तास चाळीस मिनिटं. तीन तास. चाळीस मिनिटं. माझ्या बोटांनी पुढचं जे केलं ते बोटांनीच केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. मी पडद्याचा उजेड पार वर नेला. मग वीज वाचवायची त्याची सगळी सेटिंगं काढली आणि प्रोसेसर कायम पूर्ण वेगात पळेल असा ठेवला. साडू बाजूलाच बसून "वा, किती पटापट करतात" म्हणत होता. आकडा घसरत घसरत दीड तासावर आला. माझा हिशेब साधा होता: याचंही मशीन सगळ्यांच्या समोर मरू दे. मग बरोबरी.

पुन्हा श्रीगणेशा. आणि अघटित घडलं. ठिपके कमी, म्हणून अक्षर मुळातच ठसठशीत. त्यात मी उजेड वर नेलेला. चुलत सासरे घोंगडीच्या दुसऱ्या टोकाला बसून चष्मा काढून वाचायला लागले. "ह्याला म्हणतात मशीन. बसल्या जागी दिसून राह्यलं." मी माझ्या हातानं त्याच्या मशीनची आरती ओवाळली होती.

सत्तर नावं झाली तेव्हा दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात आली. जावयांची ओळ शेवटून दुसरी. हे मशीन मध्येच मेलं, तर मीही मेलो. दुसरं मशीन ओसरीवर नव्हतं, लाइट यायला सहा वाजणार होते, आणि माना पुन्हा गोळा करायला यातली निम्मी माणसं उठून गेली असती. मी हळूच उजेड कमी केला.

"अंधार का केला?" चुलत सासरे.

"डोळ्यांना त्रास होतो, काका."

"आमाला न्हाई होऊन राह्यला. ऱ्हाऊ द्या उजेड."

उजेड वर. प्रोसेसर तेवढा चोरून खाली आणला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं. मी टाइप करायला सुटलो. त्या दिवशीचा माझा वेग कुणी मोजला असता तर क्लासच्या भिंतीवर सोन्याच्या अक्षरांत लावला असता. पण माणसं थोडीच टाइप होत होती, ती वाद घालत होती. एका मावस सासऱ्यांच्या नावाआधी 'श्रीमान' की 'ह.भ.प.' यावर पाव तास गेला. मी म्हणालो, "जल्दी करा थोडं," तर मामा म्हणाले, "पाव्हणं, घाई काय? बैल उधळले का?"

बैल नव्हे, मामा. पण सांगणार कसं?

पाच टक्के उरले तेव्हा जावयांची ओळ आली. मी प्रत्येक ओळीनंतर पेन ड्राइव्हवर जपून ठेवत होतो, शहाणपण तेवढं आलं होतं. मामा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात साडू म्हणाला, "थोरल्यांचं आधी टाका. त्यांचा मान हाय."

ज्याच्यासाठी मी औरंगाबाद केलं, मांडी गमावली, पापड भाजला, ते त्यानं वाटेत सापडलेल्या चिंचेसारखं माझ्या हातात ठेवलं. मला ते घशाखाली उतरेना. मग मी माझं नाव टाकलं. नुसतं नाव टाकलं असतं तर वेळ उरला असता. मी पुढे पदवी टाकली. पुढे कंस करून 'संचालक' टाकलं, दुकानाचं पूर्ण नाव टाकलं, 'जुना जालना' टाकलं. माना हलल्या. जपून ठेवलं. साडूचं पहिलं अक्षर उमटलं आणि पडदा गेला.

"ऱ्हाऊ द्या," साडू म्हणाला. "माझं नाव तुम्हाला ठाऊकच हाय. जालन्यात गेल्यावर टाका."

सगळे उठले. कुणाला काही वावगं वाटलं नाही. दोन जावई, एक छापला, दुसरा छापायचा.

जालन्यात दुकानात बसून मी ती फाइल उघडली. माझं नाव, कंसासकट, ओळभर पसरलेलं. पुढे स्वल्पविराम, आणि मोकळी जागा. ती मोकळी जागा मी किती वेळ बघत होतो सांगता येणार नाही. त्या घरात मी एकटाच जावई आहे, असं ती ओळ सांगत होती. आणि कारण तयार होतं: बॅटरी गेली. त्याचीच बॅटरी. मी स्वल्पविराम काढून पूर्णविराम दिला. मग खाली चिल्लीपिल्लीची ओळ राहिली होती, 'आमच्या मावशीचं लग्न हाय, तुम्ही आल्याबिगर आम्ही जेवणार न्हाई' असली, ती मी हौसेनं लिहिली आणि घरातल्या सगळ्या पोरांची नावं खाली ओतली. बाराशे प्रती छापल्या.

गठ्ठे घेऊन मी वाटूरला गेलो तेव्हा साडूही आलेला, पत्रिकांच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावायला. मामांनी पहिली पत्रिका देवापुढे ठेवली, दुसरी हातात घेतली आणि बोट ओळीवर ठेवून वरून खाली वाचत आले. जावयांच्या ओळीवर बोट थांबलं.

"धाकल्याचं?"

"अरे," मी म्हणालो. मी नाटकात काम केलेलं नाही, पण ते 'अरे' चांगलं जमलं होतं. "बॅटरी गेल्ती ना, मामा, तेव्हा. तिथंच तुटलं. माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

साडू लगेच मध्ये. "मामा, चूक माझ्या मशीनची हाय. त्या दिवसापास्नं लई लवकर उतरून राह्यली बॅटरी. काय झालं काय की."

तो उजेड त्यानं तसाच वर ठेवला होता. त्याला खाली आणायचं माहीत नव्हतं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बोट एक ओळ खाली नेलं. "बॅटरी वरच्या ओळीला गेली. मंग ही खालची लेकरं कुणी टाकली?"

"मी. जालन्यात."

"ह्यात धाकल्याची लेक हाय."

"हो."

"पाळण्यातली लेक ध्यानात ऱ्हायली," मामा म्हणाले. "तिचा बाप न्हाई ऱ्हायला."

दारात माझी बायको होती. तिनं पदर नीट केला आणि आत निघून गेली. मला वाटलं मामा ओरडतील. ते उठले, आतून सतरंजी आणून अंथरली आणि गठ्ठे माझ्यापुढे सरकवले. "पुन्हा छापायला टाइम न्हाई. परवापास्नं वाटायच्या. तुमचं अक्षर चांगलं हाय, थोरलं पाव्हणं. लिवा."

साडूच्या पिशवीत कंपनीनं शेतकऱ्यांना वाटायला दिलेली पेनं होती, जाड टोकाची, लाल शाईची. त्यानं डबाच काढून दिला. मी माझ्या नावापुढचा पूर्णविराम ओढून स्वल्पविराम करत होतो आणि त्यापुढे त्याचं नाव लिहीत होतो. पहिली शंभर रागात लिहिली. पुढची दोनशे घाईत. चारशेनंतर मनगट सुजलं. सहाशेला मी थकलो आणि थकलेला हात नीट लिहितो, तशी अक्षरं गोल, डौलदार यायला लागली. बाजूला बसून साडू हळदीचं बोट टेकवत होता आणि कपाशीच्या नव्या जातीबद्दल सांगत होता. मधेच म्हणाला, "तुम्हाला उगं त्रास, साडूभाऊ. बॅटरीचं काय तरी बघा एकदा." बघितलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी गुपचूप त्याची सगळी सेटिंगं पहिल्यासारखी करून दिली. आकडा चार तासांच्या वर गेला. साडू म्हणाला, "तुमचा हात लागला आन् सुधरली बघा," आणि ते मामांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. दोन दिवसांत बाराशे झाल्या.

लग्नात मांडव गच्च भरला होता. मी फेटा बांधून दारात उभा, स्वागताला. परतूरकडचे एक म्हातारे सोयरे पत्रिका हातात घेऊनच आले होते. त्यांनी माझ्यापुढे ती उघडली आणि बोट ठेवलं. सव्वाशे काळ्या छापील नावांत ते एकच लाल, हातानं लिहिलेलं, टपोरं.

"एवढ्या लोकांमधी ह्ये एकच नाव खास हातानं लिवलंय. कोण हो ह्ये? फार मोठे असतील."

"ते तिकडे," मी म्हणालो. "खांबाजवळ."

ते गेले. मग दुसरे आले, तिसरे आले. दिवसभर मी माणसं खांबाकडे पाठवत होतो. पंगतीत त्याचा पाट पहिला मांडला गेला. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप. माझ्या नावाची, पदवीची, कंसातल्या संचालकाची कुणी चौकशी केली नाही. छापील होतं ते. छापलेलं कोण वाचतं?

ते मशीन मी नंतर क्लासमध्ये प्लगला लावून ठेवलं आणि ते तिथं वर्षानुवर्षं उत्तम चाललं. साडूनं पुढे दोन लॅपटॉप बदलले. प्रत्येक वेळी घ्यायच्या आधी मला फोन करून विचारलं, कोणता घेऊ. मी दोन्ही वेळा बरोबर सल्ला दिला: वेग बेताचा, ठिपके बेताचे, बॅटरी मोठी. दोन्ही वेळा फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

दुकानात नवं पेन घेताना ते चालतं का बघायला माणूस कागदाच्या कोपऱ्यावर आपलं नाव लिहितो. माझ्या हातून अजूनही साडूचं उतरतं.